प्रोसेसरचं तापमान: टी-केस आणि टी-जंक्शन यांतला फरक

इंटेलचा जुना आय-सेव्हन २६००के किंवा ४७७० प्रोसेसर अजून वापरणारे बरेच जण आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘इंटेलच्या साइटवर कमाल तापमान ७२ अंश दिलंय आणि गेम खेळताना कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ७८ दिसतंय. प्रोसेसर जळेल का?’ नाही जळणार. ते ७२ आणि हे ७८ एकाच जागेचं तापमान नाही, त्यामुळे ते एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थच नाही.

इंटेलने दिलेला ७२ चा आकडा टी-केसचा. इथे केस म्हणजे पीसीचं कॅबिनेट नव्हे, तर प्रोसेसरवरचं धातूचं चकचकीत झाकण, ज्यावर आपण थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावतो. त्या झाकणाच्या वरच्या बाजूला, अगदी मध्यावर, किती तापमान चालेल याची ती मर्यादा आहे. ती मोजायला तिथे खाच पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवावं लागतं. हे काम प्रयोगशाळेतलं. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखे बनवणाऱ्यांसाठी तो आकडा दिलेला असतो. घरच्या पीसीत त्या जागी सेन्सर नसतो, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला टी-केस दाखवू शकत नाही.

सॉफ्टवेअर दाखवतं ते टी-जंक्शन, म्हणजे झाकणाखालच्या सिलिकॉनचं, प्रत्यक्ष कोअरचं (चिपमधल्या गणना करणाऱ्या भागाचं) तापमान. उष्णता तिथेच तयार होते आणि झाकणापर्यंत येताना वाटेत काही अंश उतरते. भार असताना कोअर झाकणापेक्षा गरम असणारच.

हे अंतर किती, हे प्रोसेसरच्या घडणीवर ठरतं. २०११ च्या २६००के चा टी-केस ७२.६ अंश होता आणि कोअरची मर्यादा ९८. पुढच्या वर्षीच्या ३७७०के मध्ये टी-केस ६७.४ वर उतरला, पण कोअरची मर्यादा १०५ वर गेली! नुसता टी-केस वाचणाऱ्याला नवा प्रोसेसर जास्त नाजूक वाटेल. खरं तर तो वीज कमी खात होता. ९५ वॉटच्या जागी ७७. मात्र चिप लहान झाली होती, आणि चिप व झाकण यांच्यामधल्या सोल्डरऐवजी (वितळवून जोडलेल्या धातूऐवजी) इंटेलने पेस्ट भरली होती. उष्णता थोड्या जागेत कोंडली, बाहेर पडायची वाट अवघड झाली. म्हणून झाकण बेताचं गरम असतानाही आत कोअर तापलेले राहू लागले. पेस्टचा तो निर्णय मला कधीच पटला नाही. पुढे २०१८ मध्ये ९९००के सोबत सोल्डर परत आलं.

नंतरच्या पिढ्यांमध्ये डेस्कटॉप प्रोसेसरच्या माहितीत इंटेल टी-जंक्शनच देऊ लागली, उदाहरणार्थ ८७००के साठी १०० अंश. त्यामुळे आता उलटा गैरसमज दिसतो: जुन्या प्रोसेसरला ७२ चालायचं, नव्याला १०० चालतं. तसं नाही, मोजायची जागा बदलली.

कोअर मर्यादेला टेकला की प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करतो. गेम अडखळतो, रेंडरला वेळ लागतो, पण चिप वाचते. तरीही तापमान चढतच राहिलं, तर आणखी वर एका टप्प्याला मशीन थेट बंद पडतं. कूलरची पिन निसटली असेल तर बहुधा हेच होतं.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचा हिशोब थोडा वेगळा आहे. तिच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे आणि जड कामात ७९५०एक्ससारखा प्रोसेसर मुद्दाम तिथपर्यंत वेग वाढवत नेतो. तिथे ९५ दिसलं म्हणून कूलर बदलायला धावू नका. ७८००एक्स३डीला मात्र ८९ चीच मर्यादा आहे. आणि २०१७ चा १७००एक्स किंवा १८००एक्स वापरत असाल तर टी-कंट्रोल नावाचा आकडा खऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त असतो. पंख्यांचा वेग सगळ्या मॉडेलना सारखा ठेवता यावा म्हणून एएमडीने तो तसा ठेवला होता. खरं तापमान टी-डाय नावाच्या आकड्यात दिसतं.

इंटेलमध्ये मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते मर्यादेपर्यंत उरलेलं अंतर. आतला सेन्सर मुळात तेच मोजतो, सॉफ्टवेअर ते कमाल आकड्यातून वजा करून तापमान दाखवतं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर वेगळं दिसतं. रोजच्या जड कामात ते १५-२० अंश राहिलं तर मी निश्चिंत असते. पण हे जानेवारीत पाहून मोकळं होऊ नका. अकोल्या-नागपुरात मे महिन्यात खोली १५ अंशांनी तापली की, पंखे आधीच पूर्ण वेगात असतील तर, कोअरही जवळजवळ तेवढाच वर जातो आणि ते अंतर जवळजवळ संपतं. एप्रिलमध्येच हीटसिंकमधली धूळ काढा, पेस्ट सुकली असेल तर बदला आणि मग भर दुपारी पुन्हा मोजा.