तिळावर नजर

नव्वदच्या दशकात पहाटे उठून ज्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅचेस पाहिल्या, त्यांना ती पांढरी नाकं नक्की आठवत असतील. क्रेग मॅकडरमॉटचं नाक, शेन वॉर्नचे ओठ, पाहुण्या ॲलन डोनाल्डचे गाल. गल्लीत आम्हीही नाकाला कैलास जीवन फासून बोलिंग टाकायचो. आम्हाला ती स्टाइल वाटायची. प्रत्यक्षात ते झिंक ऑक्साइड होतं आणि ते फासण्यामागे साधी भीती होती.

मेलॅनोमाचं प्रमाण जगात सर्वात जास्त आहे ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली गोरी कातडी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी क्वीन्सलँडच्या उन्हात येऊन राहिली, याचा हा हिशेब. ओझोनच्या छिद्राला सगळा दोष देण्याची पद्धत आहे, पण मुख्य कारण इतकं सरळ आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात आणि आतल्या डीएनएवर सावली धरतात. गोऱ्या कातडीत ती टोपी विरळ असते. अतिनील किरण डीएनएतली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी ती दुरुस्त करत राहते, पण वर्षानुवर्षांच्या कामात एखादी चूक राहून जाते.

मेलॅनोमा वेळेत सापडला तर उपचार म्हणजे बहुतेकदा छोटीशी शस्त्रक्रिया. सगळं ठरतं ते जाडीवर. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं की गाठ त्वचेत किती खोल उतरली आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजलं की पुढचं बरंचसं भाकीत करता येतं. आजच्या वर्गीकरणात सर्वात पातळ गटाची मर्यादा ०.८ मिमी आहे. खिशातलं एटीएम कार्ड काढून आडवं धरा, त्याची जाडी साधारण तेवढीच. त्या आत सापडलेला रुग्ण जवळजवळ नेहमी बरा होतो. पुढे गाठ जितकी खोल, तितकी ती मान-काख-जांघेतल्या लसिका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड्स) आणि तिथून फुप्फुस, यकृत, मेंदूपर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

टाके निघाले, रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर हसले. मग पुढे काय?

आपल्याकडे कर्करोगाचा फॉलो-अप म्हटलं की डोळ्यांसमोर स्कॅन येतो. पातळ मेलॅनोमा काढलेल्या माणसाला मात्र डॉक्टर सहसा सीटी किंवा पेट स्कॅन लिहून देत नाहीत. रुग्णाला वाटतं, हयगय चालली आहे. खरं तर तसं नसतं. ज्याला रोग परत येण्याची शक्यता फार कमी, त्याच्या स्कॅनमध्ये खरा धोका सापडण्यापेक्षा कुठलीशी निरुपद्रवी गाठ दिसण्याचीच शक्यता जास्त, आणि मग तिच्यासाठी सुया, बायोप्सी आणि महिनाभराची उडालेली झोप. रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्कॅनला अर्थ असतो. इतरांसाठी फॉलो-अप म्हणजे बघणं आणि चाचपणं. डॉक्टर जुन्या व्रणावरून बोट फिरवतात, आजूबाजूला बारीक गाठी लागतात का ते पाहतात, मग मान, काख, जांघ. त्यानंतर डोक्यापासून तळव्यापर्यंत सगळी कातडी. हातात डर्मोस्कोप असतो. दिवा असलेलं हे भिंग कातडीवरची चकाकी कापून खालची नक्षी दाखवतं. ज्यांच्या अंगावर पुष्कळ तीळ आहेत, त्यांचे अंगभर फोटो काढून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी जुना कोण आणि नवा कोण हे आठवणीवर सोडावं लागत नाही.

हे किती वेळा करायचं? पातळ मेलॅनोमासाठी साधारण वर्षातून एकदा, जाड असेल तर सुरुवातीची वर्षं तीन-चार महिन्यांनी. परत यायचा असेल तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, पण दहा वर्षांनंतर उगवल्याच्या नोंदीही आहेत. शिवाय एकदा मेलॅनोमा झालेल्याला दुसरा, अगदी नवा मेलॅनोमा होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. काढलेल्या तिळानं जेवढं ऊन खाल्लं, तेवढंच शेजारच्या कातडीनंही खाल्लेलं असतं.

परत आलेला रोग बहुतेक वेळा डॉक्टरला नाही, रुग्णाला किंवा त्याच्या जोडीदाराला आधी सापडतो. म्हणून खरा फॉलो-अप न्हाणीघरात होतो. महिन्यातून एकदा मोठ्या आरशाकडे पाठ करून हातात लहान आरसा. डोक्याची कातडी पाहायला हेअर ड्रायरनं केस बाजूला करायचे. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर. पाठीसाठी दुसरं माणूस लागतंच. काय शोधायचं? दोन्ही बाजू सारख्या नसलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाहून जास्त रंगांचा, वाढणारा तीळ. आणि मला सर्वात उपयोगी वाटणारी खूण म्हणजे ‘कुरूप पिल्लू’. माणसाचे तीळ सहसा एकमेकांचे भाऊ वाटतात. त्यांच्यात एखादा परक्या घरातला दिसला, तर तो दाखवायचा.

या बघण्याची किंमतही असते. तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, प्रत्येक डाग संशयित वाटतो. काही जण रोज आरशासमोर उभे राहतात. रोज पाहिलं तर बदल दिसत नाही, नुसतीच चिंता वाढते. घरात रोज दिसणारं मूल वाढलेलं आपल्याला कळत नाही, तसंच. महिन्याचं अंतर म्हणूनच बरं.

आता एक कोडं. इतकं सोसल्यावर माणूस उन्हाला भ्यायला हवा, नाही का? अमेरिकेतल्या २०१० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मेलॅनोमातून वाचलेले १७१ जण सापडले. त्यांच्यातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांनी सांगितलं, की तासाभराहून अधिक वेळ उन्हात असलो तरी सनस्क्रीन कधीच लावत नाही. काही मोजके तर कातडी तांबूस करायला टॅनिंगच्या यंत्रात झोपतही होते.

आणि सनस्क्रीनचा उपयोग होतो की नाही, हा वाद राहिलेला नाही. क्वीन्सलँडमधल्या नाम्बूर गावात १९९२ ते १९९६ या काळात १६२१ प्रौढांवर ॲडेल ग्रीन यांच्या गटानं प्रयोग केला. अर्ध्यांनी डोकं-मान-हातांना रोज लावायचं, अर्ध्यांनी मनाला येईल तेव्हा. नंतर दहा वर्षं लक्ष ठेवलं. रोज लावणाऱ्यांत मेलॅनोमा झाले ११, दुसऱ्या गटात २२. आकडे लहान आहेत, पण माणसं दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून केलेला इतका लांब प्रयोग दुसरा सहज सापडत नाही. मेख आहे ती मापात. एका हाताला एक चहाचा चमचा, एका पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक, चेहरा-मान-कानांना मिळून एक. म्हणजे अंगभर लावायचं तर सात चमचे, साधारण ३५ मिली. आपण ट्यूबमधून हरभऱ्याएवढा थेंब काढतो आणि तिच्यावर छापलेलं ‘एसपीएफ ५०’चं संरक्षण मिळालं असं समजतो.

ऑस्ट्रेलियानं मात्र एकेकट्या माणसाच्या शिस्तीवर भिस्त ठेवली नाही. १९८१ मध्ये सिड नावाचा नाचरा सीगल (कार्टूनमधला समुद्रपक्षी) टीव्हीवर ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ गाऊ लागला: सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. मग नियम आले. शाळेत टोपी नसेल तर मैदानावर खेळायचं नाही. मेलबर्नमधल्या मराठी घरांत दाराशी लटकणाऱ्या रुंद काठाच्या टोप्या त्याच नियमाच्या. बातम्यांत तापमानाबरोबर अतिनील निर्देशांक सांगू लागले, कारण ऊन भाजतंय का यावरून काहीच कळत नाही. निर्देशांक ३ झाला की झाकून घ्या, हवा गार असली तरी. (पुण्यात डिसेंबरच्या दुपारीही तो ३ च्या वर असतो.)

२००७ मध्ये मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर मेलॅनोमानं गेली, वय २६. शेवटच्या काही आठवड्यांत ती वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून टॅनिंग सलूनविरुद्ध बोलत राहिली. तिच्या व्हिक्टोरिया राज्यानं आधी या धंद्यावर निर्बंध आणले आणि २०१६ पर्यंत देशभरातली व्यावसायिक टॅनिंग सलून बंद झाली. आकडेवारीनं जे झालं नसतं, ते एका आजारी मुलीच्या चेहऱ्यानं झालं.

पण हा संदेश जसाच्या तसा उचलून पुण्या-मुंबईत आणला तर फसगत होते. पुण्यात स्कूटरवरच्या मुली स्कार्फ आणि सनकोटात अशा गुंडाळलेल्या असतात की सिडला भरून येईल. कारण अर्थात ‘काळी होशील’ हे आहे. आपल्यात मेलॅनोमा मुळात विरळ, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली, जिथे ऊन हे मुख्य कारण नसतंच. ज्या वर्षी सिड गाऊ लागला, त्याच वर्षी, म्हणजे १९८१ मध्ये, बॉब मार्ले वयाच्या ३६ व्या वर्षी गेला. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेला मेलॅनोमा. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं आधी वाटलं होतं.

आपल्याकडेही तेच होतं. पायाला कुरूप झालं असेल, चप्पल चावली असेल, ठेच लागून रक्त साकळलं असेल. वर्ष निघून जातं. अशा रुग्णाच्या फॉलो-अपमध्ये सनस्क्रीनपेक्षा पाय धुताना तळवे उलटून पाहणं मोलाचं. सावळ्या माणसांच्या दोन-चार नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं नेहमीचंच, त्यांना घाबरायचं नाही. एकाच नखावर नवी रेघ आली, रुंदावत चालली किंवा तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. शंका असेल तर फोनवर फोटो काढून ठेवावा, महिन्या-दोन महिन्यांनी परत एक. साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मेलॅनोमाची रेघ मुळाशीच राहते.