घड्याळ कुणाच्या हातात? एकट्याचा गेम आणि अनेकांचा गेम

सुरुवातीचे बरेच गाजलेले व्हिडिओ गेम दोघांनी मिळूनच खेळायचे होते. १९५८ साली ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस उभं केलं, ते दोघांसाठी. १९६२चा ‘स्पेसवॉर’ आणि १९७२चा ‘पाँग’ही दोघांचाच. यामागे समाजप्रेम वगैरे काही नव्हतं. ‘पाँग’च्या यंत्रात मायक्रोप्रोसेसरसुद्धा नव्हता, मग तगडा प्रतिस्पर्धी कुठून आणणार? समोर माणूस बसवणं हाच सोपा उपाय होता. पुढे १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या गेममध्ये यंत्रच शत्रूची फौज चालवू लागलं आणि एकट्याला खेळण्याजोगं बरंच काही मिळालं.

सिंगल प्लेअर आणि मल्टिप्लेअर यांची तुलना करताना लोक खेळाडूंची संख्या मोजतात. त्याहून महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. एकटे खेळत असाल तर गेम थांबवता येतो, मागच्या सेव्हवर, म्हणजे जतन केलेल्या टप्प्यावर, जाता येतं, वेगही कमी करता येतो. ‘सेलेस्टे’ (२०१८) या गेमच्या असिस्ट मोडमध्ये वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. शिवाय गेम गुपचूप तुमच्या बाजूने लबाडीही करतो. ‘बायोशॉक’मध्ये शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकवलेली असते. ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ तुम्ही किती मार खाताय हे पाहून अडचण कमी-जास्त करतो. समोर दुसरा माणूस आला की हे सगळं बंद, कारण एकाला दिलेली सवलत हा दुसऱ्यावर अन्याय ठरतो.

आता वेळ सामायिक झाली, आणि ती सामायिक ठेवणं हेच मल्टिप्लेअरमधलं सगळ्यांत अवघड काम. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर (सगळ्या खेळाडूंना जोडणारा मधला संगणक) १,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येण्यात किमान १० मिलिसेकंद जातात, ६,००० किलोमीटरवर असेल तर ६०. वाटेतल्या राउटरचा उशीर वेगळा. त्यात सर्व्हर गेममधल्या जगाची नोंद ठरावीक ठोक्यांनी घेतो. सेकंदाला ६४ ठोके असतील तर दोन ठोक्यांत १५.६ मिलिसेकंद, १२८ असतील तर ७.८.

हा उशीर लपवण्यासाठी तुमचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तुमचं पात्र लगेच हलवतो. १९९६च्या ‘क्वेकवर्ल्ड’ने (‘क्वेक’ या गेमच्या ऑनलाइन आवृत्तीने) ही युक्ती रूढ केली. बाकीचे खेळाडू मात्र तुम्हाला किंचित भूतकाळातले दिसतात. तुम्ही गोळी झाडली की सर्व्हर काळ तेवढा मागे नेऊन तुमच्या पडद्यावर तेव्हा काय दिसत होतं ते तपासतो. म्हणूनच ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली’ ही तक्रार कायम ऐकू येते. तुमच्या पडद्यावर तुम्ही आडोशाला पोचला होतात, मारणाऱ्याच्या पडद्यावर अजून नव्हतात. दोघंही खरं बोलत असतात. सर्व्हरने नेम धरणाऱ्याची बाजू घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं. तसं केलं नाही तर प्रत्येकाला शत्रूच्या थोडं पुढे नेम धरावा लागेल आणि ते त्याहून वैतागवाणं होईल.

फायटिंग गेममध्ये एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची असते आणि तीन-चार फ्रेमचा उशीरही हाताला जाणवतो. तिथे रोलबॅक पद्धत वापरतात: समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे न्यायचा, अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करायचं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ने (१९९७) वेगळा मार्ग धरला. शेकडो सैनिकांच्या जागा मोडेमवरून पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक संगणकाने तेच गणित स्वतः सोडवायचं. एका संगणकावर एखादा आकडा वेगळा आला की दोन्ही जगं फुटतात आणि सामना तिथेच मोडतो.

घरच्या नेटबद्दल म्हणायचं तर मेगाबिटचा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही, बहुतेक गेमना सेकंदाला एक मेगाबिटही लागत नाही. पाहायचं ते पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, किती स्थिर आहे हे. कायम ६० असलेला पिंग २० ते १२० उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा चांगला, कारण अंदाज बांधणाऱ्या सगळ्या युक्त्या स्थिर उशिरावरच चालतात. उड्या दिसत असतील तर आधी वाय-फाय सोडून केबल लावून पाहा. तरीही थांबल्या नाहीत तर कुणाचा फोन फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करतोय का ते बघा. अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि गेमच्या माहितीची छोटी पाकिटं तिच्यामागे अडकतात. राउटरमध्ये सोय असेल तर अपलोडची मर्यादा लाइनच्या क्षमतेच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवली की रांग साचत नाही.

जिंकण्या-हरण्याचं गणित मात्र कुठल्याही केबलने सुधारत नाही. बुद्धिबळासाठी आर्पाद एलो यांनी रचलेल्या पद्धतीत दोघांचं रेटिंग सारखं असेल तर प्रत्येकाची अपेक्षा ५० टक्के, २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची ७६, ४०० असेल तर ९१. ऑनलाइन गेम जोड्या लावताना याच विचाराने शक्य तितकी बरोबरी साधतात. परिणाम असा की तुम्ही कितीही सुधारलात तरी साधारण अर्धे सामने हरणार. रँक वर जाईल, विजयाचं प्रमाण तिथेच घुटमळेल. शंभर जणांच्या बॅटल रॉयलमध्ये (शेवटी उरेल तो जिंकतो) तर सरासरी खेळाडूच्या वाट्याला शंभरात एकच विजय. एकट्याच्या गेममध्ये रचनाकार सगळ्यांना शेवटपर्यंत पोचवू शकतो. ‘मल्टिप्लेअरने चिडचिड होते’ यातली निम्मी चिडचिड या आकडेमोडीतून येते, स्वभावातून नाही.

शिकण्याच्या बाबतीतही हाच गोंधळ. समजा, तुमची जिंकण्याची खरी शक्यता ५५ टक्के आहे. तरीही २० सामन्यांत १० किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते. म्हणजे एका आठवड्याच्या निकालांवरून आपण सुधारलो की बिघडलो हे कळतच नाही, आणि पाच-पाचच्या संघात तर इतर नऊ जणांचा गोंगाट त्यात मिसळलेला. नवं कौशल्य बसवायचं तर सरावाचा मोड बरा. एकच गोष्ट निवडा आणि १५-२० मिनिटं तीच करा. मग दोन-तीन सामने खेळा आणि रिप्लेमध्ये निकाल न पाहता तेवढीच गोष्ट तपासा. यात नेहमी होणारी चूक म्हणजे बॉटची (संगणक चालवत असलेल्या प्रतिस्पर्ध्याची) लय पाठ होणं: हात बरोबर चालतो, पण फक्त त्या बॉटसमोर. फायटिंग गेमच्या सरावात डमीच्या (समोर उभ्या सरावाच्या पात्राच्या) दोन-तीन वेगवेगळ्या हालचाली रेकॉर्ड करून त्या अनिश्चित क्रमाने लावल्या की ही खोड मोडते.

मग माणसाशी खेळून मिळतं काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मित्र, अनोळखी माणूस आणि संगणक असे तीन प्रतिस्पर्धी तपासले गेले. गुंतून जाण्याची भावना मित्रासमोर सर्वाधिक, संगणकासमोर सर्वांत कमी होती. २०१३च्या एका मेंदू-चित्रण अभ्यासात माणसाला हरवल्यावर मेंदूच्या बक्षीस-केंद्रांतला प्रतिसाद संगणकाला हरवण्यापेक्षा जास्त आढळला. दुसऱ्या बाजूला, २०१४च्या अभ्यासात दोन महिने रोज किमान अर्धा तास ‘सुपर मारिओ ६४’ एकट्याने खेळलेल्यांच्या मेंदूत, दिशाज्ञान आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही, करड्या द्रव्याची वाढ दिसली. हे अभ्यास थोड्याच लोकांवरचे आहेत, त्यांवरून ‘मेंदूसाठी अमुकच चांगलं’ असा फलक रंगवू नये.

मधल्या वाटाही आहेत, आणि मला त्या जास्त हुशार वाटतात. ‘डार्क सोल्स’मध्ये इतर खेळाडूंनी जमिनीवर ठेवलेले संदेश दिसतात, ते लिहिणारा तेव्हा खेळत असायची गरज नसते. सोबत मिळते आणि घड्याळही वाटून घ्यावं लागत नाही. ‘जर्नी’मध्ये (२०१२) अनोळखी सोबती भेटतो, पण बोलायची किंवा लिहायची सोय नाही, फक्त एक सूर काढता येतो. चाचण्यांमध्ये लोक एकमेकांना ढकलून देऊ लागले, म्हणून धक्का लागणंच काढून टाकलं आणि स्पर्शाने उडण्याची शक्ती मिळेल असं केलं. खेळाडू तेच, वागणं बदललं.

मल्टिप्लेअरला गर्दी लागते, आणि ती दिसते त्यापेक्षा फार लवकर विरते. एका वेळी ५,००० जण खेळताहेत असं धरा. पाच प्रदेशांत वाटले की १,०००, चार मोडमध्ये २५०, कौशल्याच्या दहा पातळ्यांत २५. त्यातले बहुतेक आधीच सामन्यात अडकलेले, आणि तुम्हाला हवेत दहा. मग गेम विषम जोड्या लावतो, नवखे हरून सोडून जातात आणि रांग आणखी लांबते. ‘कॉनकॉर्ड’ हा मल्टिप्लेअर गेम २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. २०१४च्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला थांबले, तेव्हा त्यातला एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण तोही सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता.

म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: नेट बंद असताना गेम चालू होतो का, बॉटसोबत सामना लावता येतो का, आणि स्वतःचा सर्व्हर चालवायची मुभा आहे का. ‘क्वेक’मध्ये ती होती, १९९९ साली त्याचा सोर्स कोडही (मूळ प्रोग्राम) खुला झाला, आणि त्याचे सर्व्हर आजही खेळाडूच चालवतात.