डोळा मागे वळतो तेव्हा

वाचनालयातल्या काकांनी तिसऱ्यांदा मुदत वाढवून दिली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, “पाठ करताय का?” पुस्तक इतिहासाचं, जाडजूड, तळटीपांनी गच्च भरलेलं. मी सावकाश वाचतो, एवढंच; पण उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये समोर एक गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांच्या डोळ्यांकडे पाहत बसलो.

तुम्हीही पाहा, चोरून. बुबुळं ओळीवरून घरंगळत जात नाहीत, उड्या मारतात. १८७० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत हे टिपलं गेलं. स्वतःच्या उड्या मात्र आरशात पाहूनही दिसत नाहीत, कारण उडी चालू असताना मेंदू चक्क काणाडोळा करतो. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते, मग डोळा पाव सेकंदभर थबकतो. मजकूर आत जातो तो या थांब्यांवर. बारीक अक्षर ओळखण्याइतकी तीक्ष्ण नजर फार थोड्या जागेपुरती असते; हात लांब करून अंगठा धरलात तर त्याच्या रुंदीएवढी. ‘एका नजरेत अख्खं पान’ वाचणाऱ्यांनी आधी आपल्या डोळ्याला विचारावं.

यातल्या दहा-पंधरा टक्के उड्या उलट्या असतात, वाचून झालेल्या शब्दाकडे परतणाऱ्या. वेगवाचनाचे वर्ग हीच ‘खोड’ मोडायला सांगतात. २०१४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात ती खरोखरच मोडून पाहिली: नजर पुढे सरकली की मागच्या शब्दाच्या जागी पडद्यावर नुसत्या फुल्या. मागे वळून उपयोग नाही. वाचणाऱ्यांचं आकलन घसरलं, आणि तेही फक्त अवघड वाक्यांत नाही, साध्या वाक्यांतही. ‘एवढं काय कळायचंय त्यात’ म्हणून आपण ज्यांवरून सरकतो ती हीच वाक्यं.

आपल्या लिपीत आणखी एक गंमत. पहिली वेलांटी डोळ्याला आधी भेटते, कानाला नंतर. हिंदी वाचकांवरच्या प्रयोगात असे शब्द उच्चारायला किंचित जास्त वेळ लागल्याचं दिसलं. शाळेत ‘पि’पाशी अडखळणाऱ्या पोराला उगाच धपाटा बसतो.

बरं, सावकाश म्हणजे किती? १९० अभ्यास एकत्र करून २०१९ साली काढलेली सरासरी इंग्रजी माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आहे. ३०० पानं, पानाला ३०० शब्द धरले तर सव्वासहा तास. रोज अर्धा तास वाचलं तर तेरा दिवस. पंधरा दिवसांची मुदत कोणीतरी हिशेबानेच घातली असावी! फक्त त्या हिशेबात तळटीपा नाहीत, आणि ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असे आपले लांबलचक शब्दही नाहीत.

माझे दिवस जातात ते वेगळ्याच कामात. प्रकरण संपलं की पुस्तक मिटतो आणि पाठकोऱ्या कागदावर लिहितो: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर, मला कुठे पटलं नाही. पेन अडतं तिथे कळलेलं नसतं. वाचताना मात्र सगळं कळल्यासारखं वाटत होतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी काय आठवतंय ते तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: ४२ विरुद्ध ५६. पुस्तकावर अभिप्राय लिहिणं म्हणजे मला वाटतं हेच, आठवणीला कामाला लावणं. तो कोणी वाचला नाही तरी चालतो. मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलेल्या परीक्षणांचा मला राग येतो तो यासाठीच.

सावकाश वाचनाची खरी परंपरा इथे पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं. १,२५९ हस्तलिखितं तपासली, पाठभेद शब्दाला शब्द लावून ताडून पाहिले, आणि १९६६ मध्ये काम पुरं झालं. एका ग्रंथाला ४७ वर्षं.

पुस्तक परत करताना काकांना हे ऐकवलं.

“ते ठीक,” शिक्का मारत काका म्हणाले, “पण त्यांच्याकडे पुस्तकं घरची होती.”