मातीचा वास मातीचा नसतोच

पहिल्या पावसानंतर जो मस्त वास येतो ना, तो मातीतनं येतो हे खरं, पण तो मातीचा नसतो. तो बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस नावाचे बॅक्टेरिया, आणि त्यातलं मेन केमिकल म्हणजे जिओस्मिन. १९६५ मध्ये गर्बर आणि लेशव्हॅलिये या दोघा शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून त्याचं बारसं केलं. आपलं नाक याबाबतीत भलतंच तिखट आहे, लिटरभर पाण्यात जेमतेम काही नॅनोग्रॅम असलं तरी पाणी मातकट लागतं म्हणून लोक तक्रार करतात, आणि पाणी शुद्ध करणाऱ्यांची डोकेदुखी वाढते.

आता बॅक्टेरियाला वास सोडून मिळतं काय? तर २०२० च्या एका रिसर्चमध्ये याचं भारी उत्तर मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे बारीक उड्या मारणारे किडे असतात, ते या वासावर येतात, स्ट्रेप्टोमायसीस खातात, आणि त्यांचे बीजाणू (म्हणजे बियांसारखे कण) अंगाला चिकटवून नाहीतर विष्ठेतून दुसरीकडे पोचवतात. वास सुटतो तोही नेमका बीजाणू तयार होताना! म्हणजे ज्याला स्वतःला चालता येत नाही त्याने वास पाठवून गाडी बोलावली.

असे झटकन हवेत उडून जाणारे छोटे रेणू जवळपास सगळेच सूक्ष्मजीव सोडतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ते लांबवर जातात, जिथे बॅक्टेरिया स्वतः कधीच पोचला नसता.

मला यातला सगळ्यात आवडता प्रयोग २००३ चा. एक पेट्री डिश (लॅबमधली चपटी काचेची बशी) घ्यायची, मधोमध आडवी भिंत, एका बाजूला अरॅबिडॉप्सिस या लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या वनस्पतीची इवलीशी रोपं आणि दुसऱ्या बाजूला बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, फक्त हवा कॉमन. तरी रोपं चांगलीच जोमाने वाढली. शोधल्यावर कळलं की ही करामत मुख्यतः ब्युटेनडायॉल आणि अ‍ॅसिटोइन या दोन केमिकलची आहे, आणि खात्री कशी केली तर जे म्युटंट (जनुकात बदल झालेले) बॅक्टेरिया ही केमिकल्स बनवूच शकत नाहीत ते ठेवून बघितले, तर वाढीचा फायदा गायब. इतका साधा आणि इतका पक्का पुरावा क्वचित बघायला मिळतो.

अर्थात सगळे वास असे प्रेमळ नसतात. होंडुरासमधल्या दालचिनीच्या झाडात गॅरी स्ट्रोबेल या शास्त्रज्ञांना मस्कोडॉर अल्बस नावाची बुरशी सापडली, तिच्या वायूंनी दुसऱ्या बुरश्या आणि बॅक्टेरिया सरळ मरतात. गंमत म्हणजे त्यातलं एकेक केमिकल सुटं लावलं तर थोडाफार त्रास होतो, जीव मात्र जात नाही, सगळी मिळून हल्ला करतात तेव्हाच काम तमाम. फळं साठवताना ती सडू नयेत म्हणून असे वायू वापरायचा विचार त्यातूनच पुढे आला.

डॉक्टरांसाठी तर हा वास म्हणजे खबऱ्याच. सुडोमोनस एरुजिनोसा हे इन्फेक्शन करणारे बॅक्टेरिया वाढवलेल्या प्लेटला द्राक्षासारखा वास येतो हे लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. नेदरलँड्समध्ये क्लिफ नावाच्या बीगल कुत्र्याला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे जुलाब करणारे बॅक्टेरिया हुंगायला शिकवलं होतं, २०१२ मध्ये त्याचा निकाल छापून आला: इन्फेक्शन असलेले विष्ठेचे ५० च्या ५० नमुने बरोबर ओळखले, आणि वॉर्डात फिरवल्यावर ३० पैकी २५ पेशंट. कुत्र्याला मूड असतो, मशीनला नसतो, म्हणून याच धर्तीवर इलेक्ट्रॉनिक नाकं (वास ओळखणारी मशीन्स) बनवायचा खटाटोप चालू आहे, पण एका नमुन्यात शेकडो केमिकल्सची खिचडी असते आणि पेशंटने काय खाल्लं यावरही ती बदलते, त्यामुळे ते वाटतं तेवढं सोपं नाही.

डासांना मात्र हे गणित आधीपासून येतं. आपल्या पायांचा वास बराचसा त्वचेवरच्या बॅक्टेरियाचा, आणि लिम्बर्गर या उग्र वासाच्या चीजवरचे बॅक्टेरिया त्यांचेच जवळचे नातेवाईक. बार्ट नोल्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मलेरियाच्या डासाची मादी या चीजकडेही पायाच्या वासासारखीच खेचली जाते, आणि या कामाला २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. लोक हसले, हसायचंच होतं. पण त्याआधीच्या एका प्रयोगात त्यांनी माणसाचे पाय जंतुनाशक साबणाने धुऊन बघितले होते, तेव्हा एरवी पावलं आणि घोट्यांवर तुटून पडणारे डास चावायच्या जागा बदलून शरीरावर कुठेही चावायला लागले.