विंडरश पिढी

विंडरश पिढी : दुसऱ्या महायुद्धानंतर, ढोबळमानाने १९४८ ते १९७१ या काळात, कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेले लोक आणि त्यांच्याबरोबर किंवा मागाहून आलेली त्यांची मुले यांना दिले जाणारे नाव. २०१८ पासून सरकारी व्यवहारात या संज्ञेची व्याप्ती वाढली असून भारत, पाकिस्तान, नायजेरिया, सायप्रस अशा राष्ट्रकुल देशांतून १ जानेवारी १९७३ पूर्वी आलेल्यांनाही ती लागू होते. नाव ‘एम्पायर विंडरश’ या जहाजावरून आले. ती पिढी तरुण होती तेव्हा तिला या नावाने कोणी ओळखत नसे. जहाजाच्या आगमनाला पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, म्हणजे १९९८ मध्ये, ते रूढ झाले असावे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील विंडरश चौकाचे नामकरणही त्याच वर्षीचे.

जहाज व आरंभाचा प्रश्न : हे जहाज मूळचे जर्मन. १९३० मध्ये हॅम्बुर्ग येथे ‘मोंटे रोझा’ नावाने ते जलावतरित झाले, १९४५ मध्ये युद्धलूट म्हणून ब्रिटनकडे आले आणि सैनिकांच्या वाहतुकीसाठी वापरले जाऊ लागले. मार्च १९५४ मध्ये भूमध्य समुद्रात आग लागून ते बुडाले. २१ जून १९४८ रोजी ते टेम्स नदीवरील टिलबरी बंदराला लागले. प्रवासी उतरले ते दुसऱ्या दिवशी. म्हणून २२ जून ही आगमनाची तारीख मानली जाते.

प्रवाशांची संख्या ठिकठिकाणी ४९२ अशी दिलेली आढळते. हा आकडा तत्कालीन वृत्तपत्रांतून आलेला आहे. जहाजाच्या प्रवासी यादीत १,०२७ नावे असून त्यांपैकी ८०२ जणांनी शेवटचे वास्तव्य कॅरिबियन प्रदेशात असल्याचे नोंदवले आहे. मेक्सिकोहून चढलेले ६६ पोलिश निर्वासितही त्यात आहेत. नाव, वय, धंदा आणि इंग्लंडमधील नियोजित पत्ता असे रकाने असलेली ही यादी मुळातून पाहण्यासारखी आहे. सुतार, शिंपी, मेकॅनिक, वेल्डर असे धंदे त्यात वारंवार येतात आणि ‘बेकारांचा लोंढा’ हे त्या वेळचे वर्णन किती चुकीचे होते ते कळते. अनेकांनी युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात नोकरी केली होती व ते कामावर परतत होते. त्यांपैकी सॅम किंग पुढे १९८३ मध्ये लंडनच्या सदर्क विभागाचे महापौर झाले.

हे पहिले जहाज मात्र नव्हे. ‘ऑर्मंड’ मार्च १९४७ मध्ये लिव्हरपूलला आणि ‘अल्मंझोरा’ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साउदॅम्प्टनला कॅरिबियन प्रवासी घेऊन आले होते. त्याही आधी कार्डिफ व लिव्हरपूलच्या गोदी भागांत कृष्णवर्णीय वस्त्या होत्या. १९१९ मध्ये तेथे त्यांच्यावर हल्लेही झाले. तेव्हा १९४८ हे वर्ष आरंभाचे न मानता प्रतीकाचे मानावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार टिलबरीला हजर होते, ऑर्मंडच्या वेळी तशी गर्दी नव्हती, हाही त्यातला भाग आहे.

सरकारने या लोकांना बोलावून घेतले, असे सर्रास लिहिले जाते. १९४८ पुरते ते खरे नाही. जहाजावर जागा रिकाम्या होत्या म्हणून जमैकातील वृत्तपत्रात स्वस्त तिकिटांची जाहिरात आली होती. प्रवासी उतरले त्याच दिवशी, २२ जूनला, मजूर पक्षाच्या अकरा खासदारांनी पंतप्रधान अ‍ॅटली यांना पत्र लिहून असे आगमन रोखण्याची मागणी केली. पद्धतशीर भरती नंतरची : रुग्णालयांसाठी परिचारिकांची, आणि १९५६ पासून बार्बेडोसमध्ये लंडन ट्रान्सपोर्टची. १९५२ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने तिकडची वाट अरुंद केल्यामुळेही ब्रिटनकडे येणाऱ्यांचा ओघ वाढला.

नागरिकत्वाचा कायदा : विषयाचे मर्म येथे आहे. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यामुळे विंडरशचे प्रवासी येऊ शकले, हे विधान कालक्रमाशी जुळत नाही. त्या कायद्याला राजमान्यता ३० जुलै १९४८ रोजी मिळाली आणि तो १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला. प्रवासी आले ते जुन्या अर्थाने ‘ब्रिटिश प्रजाजन’ म्हणून, आणि प्रजाजनाला मायभूमीत उतरण्यास परवानगी लागत नसे. कॅनडाने १९४६ मध्ये स्वतंत्र नागरिकत्वाचा कायदा केल्यामुळे साम्राज्यभरची जुनी व्यवस्था मोडली होती. १९४८ चा कायदा ती सावरण्यासाठी झाला, स्थलांतराला उत्तेजन देण्यासाठी नव्हे. त्याने ‘युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक’ असा एक वर्ग निर्माण केला. लंडनचा रहिवासी आणि जमैकातील किंग्स्टनचा रहिवासी दोघेही त्यात समान होते. भारतीय नागरिक त्या वर्गाबाहेर, परंतु राष्ट्रकुल नागरिक या नात्याने त्यांनाही १९६२ पर्यंत प्रवेश खुला होता.

१९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने रोजगार परवान्याची अट घातली. १९६८ मध्ये केनियातील आशियाई लोकांना अडवण्यासाठी ब्रिटनशी वंशसंबंधाची कसोटी आली. १९७१ च्या कायद्याने (अंमल १ जानेवारी १९७३) ही कसोटी पक्की केली. स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले असल्यास वास्तव्याचा हक्क मिळे. कायद्याच्या भाषेत रंगाचा उल्लेख कोठेही नाही, पण कसोटी कोणाला गाळण्यासाठी योजली होती याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

पाच वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्या वसाहतींच्या नागरिकांनाही हा हक्क होता. मात्र जमैकाच्या लोकांना त्याचा उपयोग झाला नाही. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला. त्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये बस चालवणारा जमैकन माणूस घरबसल्या आपले जुने नागरिकत्व गमावून जमैकन नागरिक झाला. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांना कायद्यानेच अनिश्चित काळ राहण्याची मुभा दिली होती. पण ती आपोआप मिळाली असल्याने तिचा कागद कोणाला दिला गेला नाही. आणि हक्क असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकली. नोंदणी करून ब्रिटिश नागरिक होण्याची मुदत १९८७ अखेर संपली.

सामाजिक जीवन : सुरुवातीला सुमारे २३० जणांची सोय लंडनमधील क्लॅपम साउथ येथील युद्धकालीन भुयारी निवाऱ्यात केली गेली. जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला असल्याने वस्ती तेथेच रुजली. घरभाड्यातील भेदभाव, १९५८ च्या नॉटिंग हिल दंगली, मे १९५९ मधील केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाहून आलेल्या सुताराचा खून, कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारणाऱ्या बस कंपनीविरुद्धचा १९६३ चा ब्रिस्टल बस बहिष्कार आणि वांशिक भेदभावाविरुद्धचा १९६५ चा पहिला वंशसंबंध कायदा हे या इतिहासातील ठळक टप्पे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी १९५९ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस सभागृहात भरवलेला कार्निव्हल हा नॉटिंग हिल कार्निव्हल या लंडनमधील कॅरिबियन उत्सवाचा एक उगम मानला जातो.

२०१८ चे प्रकरण : २०१२ पासून गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदा रहिवाशांविरुद्ध ‘प्रतिकूल वातावरण’ धोरण राबवले. २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारे व बँका यांच्यावर कागद तपासण्याची जबाबदारी आली किंवा अधिक कडक झाली. आईच्या किंवा मोठ्या भावंडाच्या पासपोर्टवर लहानपणी आलेला, पुढे कधी परदेशी न गेलेला माणूस साठीत येऊन अचानक परका ठरला. वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी अधिकृत पुरावा मागितला जाई. करभरणा व राष्ट्रीय विम्याच्या नोंदी सरकारच्याच दुसऱ्या खात्यांत होत्या, पण त्या पाहिल्या गेल्या नाहीत. आगमनाची कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. लोकांच्या नोकऱ्या, घरे, कर्करोगावरील उपचार गेले; निदान ८३ जणांना देशाबाहेर काढले गेले. २९ एप्रिल २०१८ रोजी गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेंडी विल्यम्स यांच्या मार्च २०२० च्या अहवालाने जे घडले ते आधी दिसण्याजोगे व टाळण्याजोगे होते असा निष्कर्ष काढून ३० शिफारशी केल्या. त्यांपैकी तीन सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सोडून दिल्या. नुकसानभरपाई योजना एप्रिल २०१९ पासून चालू आहे. तिच्या विलंबावर सतत टीका झाली असून भरपाई हाती येण्यापूर्वीच अनेक अर्जदार मरण पावले. जोखमीत असलेल्यांची संख्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील स्थलांतर अभ्यासकांनी कमाल ५७,००० धरली होती. त्यांत जमैकाखालोखाल भारतात जन्मलेल्यांचा वाटा मोठा होता, तरी त्यांच्याविषयीचे लेखन अजून तुरळक आहे.