चार तास, चोवीस तास आणि एक तुटलेला शाफ्ट

पुतण्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली वस्तू जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याच्या नखांत पीथमपूरची माती तशीच होती. "काका, साडेतीन तास गाडी मस्त पळत होती. मग नुसता टक् असा आवाज आला." इंजिन चालू, गिअर पडलेला आणि गाडी जागच्या जागी. चाकापर्यंत जोर नेणारा शाफ्ट तुटला होता.

इंदूरहून जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, वाहनांच्या चाचणीचे केंद्र. तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक २०२१ साली खुला झाला, त्या बातमीने आम्हा इंदूरकरांची छाती फुगली होती. पण माझा जीव अडकलाय तो तिथल्या मातीत. इंजिनिअरिंगची मुले स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या घेऊन 'बाहा' स्पर्धेला येतात ती याच आवारात. शेवटची आणि खरी परीक्षा चार तासांची. खड्डे, उंचवटे, उड्या, चिखल. पेट्रोलवाल्या सगळ्या गाड्यांना इंजिन एकसारखेच, जेमतेम दहा अश्वशक्तीचे. मग निकाल कशावर लागतो? चार तासांनंतर काय शाबूत राहिले यावर.

त्या रात्री भिंग आणि टॉर्च घेऊन आम्ही शाफ्टचे तुटके तोंड पाहिले. त्याचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. एका कडेपासून आत गेलेला गुळगुळीत भाग, त्यावर एकाआड एक वाकड्या रेषा. उन्हाळ्यात महेश्वरला नर्मदेचे पाणी ओसरते तेव्हा काठच्या वाळूवर उमटतात ना, तशा. उरलेला भाग खडीसाखर फोडल्यासारखा खरखरीत. म्हणजे शाफ्ट 'टक्' आवाजाच्या क्षणी तुटला नव्हता, तो कितीतरी आधीपासून तुटत होता. गाडी उडी मारते तेव्हा चाक हवेत मोकळे गरगरते. जमिनीला टेकताच त्याला एकदम अडसर होतो आणि तो हिसका शाफ्टला पिळतो. दर हिसक्याला तडा केसभर पुढे सरकतो. गुळगुळीत भाग हा त्या प्रवासाचा, खरखरीत भाग शेवटच्या क्षणाचा. याला धातूचा थकवा म्हणतात, आणि फक्त एकदाच लावला तर धातू हसत सोसेल एवढ्याच ताणाने तो येतो.

"मग चोवीस तासांच्या शर्यतीत काय होत असेल?" पुतण्याने विचारले. त्याला मी फ्रान्समधल्या ल मान्सची, १९९५ची चोवीस तासांची शर्यत सांगितली.

मॅक्लारेन एफ-वन ही गाडी गॉर्डन मरे यांनी रस्त्यासाठी काढली होती, शर्यतीसाठी नव्हे. चालक मधोमध, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे एकेक आसन, सांगाडा कार्बन फायबरचा. मागे बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरांचे ६.१ लिटरचे इंजिन, ६२७ अश्वशक्तीचे. उष्णता परतवायला इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख. मरे शर्यतीला नाहीच म्हणत होते. रे बेल्म आणि थॉमस ब्शर यांच्यासारख्या शर्यतवेड्या ग्राहकांनी पिच्छा पुरवला, तेव्हा १९९५च्या मोसमासाठी 'जीटीआर' तयार झाली. मागे मोठा पंख आला, पुढे हवा कापणारी ओठासारखी पट्टी आली, आतला ऐषाराम उतरला.

आणि ताकद कमी झाली! शर्यतीची गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा दुबळी, हे वाचून मी पहिल्यांदा पानच उलटून पाहिले होते. कारण नियमाचे होते. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर ठरावीक मापाचे अरुंद भोक बसवायचे, त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिनाने जोराने हवा ओढली की त्या भोकातून ती वेगाने शिरते. पण तिथे तिचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की संपले. त्यापुढे मागून कितीही ओढा, थेंबभरही जास्त हवा येत नाही. कारण 'मागे दाब कमी झालाय' हा निरोप पुढच्या हवेपर्यंत ध्वनीच्याच वेगाने जातो, आणि समोरून तेवढ्याच वेगाने येणाऱ्या प्रवाहात तो उलटा चढू शकत नाही. हवा ठरली म्हणजे जळणारे इंधन ठरले, इंधन ठरले म्हणजे ताकद ठरली. जीटीआरचे इंजिन ६०० अश्वशक्तीच्या आसपास थांबले ते यामुळे. मला हा नियम फार देखणा वाटतो. पहारेकरी नको, मोजमाप नको, निसर्गच दारात उभा.

हवेवरून आपल्या गावचीही एक गंमत सांगायलाच हवी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे, म्हणून इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ. हवा दाबून भरणारा टर्बो नसलेले इंजिन इथे तेवढेच कमी जोर देते. पण हवेचा अडथळाही तेवढाच कमी होतो, त्यामुळे अशा गाडीचा कमाल वेग मुंबईत आणि पीथमपूरला जवळपास सारखाच येईल. विजेच्या मोटारीला मात्र हवा लागत नाही, तिचा जोर घटत नाही, अडथळा तेवढा घटतो. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून त्या पाच टक्क्यांतून वेगात हाती लागतात दोनांहूनही कमी टक्के. तरी लागतात.

१९९५ साली 'बीपीआर' या जीटी गाड्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या गाड्यांच्या, मालिकेतल्या बारांपैकी दहा शर्यती जीटीआरने जिंकल्या. त्यातल्या बहुतेक चार तासांच्या, आपल्या बाहाएवढ्याच. ल मान्स ही निराळीच गोष्ट. तिथे फक्त जीटी गाड्या नसतात, केवळ शर्यतीसाठी घडवलेल्या हलक्या, उघड्या प्रोटोटाइप गाड्याही असतात, आणि सगळ्यांना एकाच रस्त्यावर २४ तास पळायचे असते. इंजिन मिनिटाला सरासरी ६००० फेरे घेते असे धरले, तरी दिवसभरात ते ८६ लाखांच्या वर जातात. मॅक्लारेनला धाकधूक होती ती गिअरबॉक्स आणि क्लचची. मूळ रचना रस्त्यावरच्या गाडीची, तिच्यावर एवढा मार कधी पडलेलाच नव्हता.

मग पाऊस आला. तासाभराची सर नव्हे, शर्यतीचा बहुतेक वेळ रस्ता ओलाच राहिला.

इथे पुतण्याने मान वर केली, कारण त्याचा शाफ्ट आणि ही गोष्ट इथे एकत्र येतात. शाफ्टवर पीळ किती येईल हे इंजिनाइतकेच टायरही ठरवते. टायर जेवढा रस्ता पकडून ठेवतो तेवढाच पीळ शाफ्टला सोसावा लागतो. त्याहून जास्त जोर आला की टायर घसरतो आणि शाफ्टची सुटका होते. टायर म्हणजे घरातल्या मीटरजवळचा फ्यूजच. ओल्या रस्त्यावर हा फ्यूज लवकर उडतो, चालक पाय हलका ठेवतो, ब्रेक थंड राहतात, गिअरच्या दातांवरचा मार उतरतो. आणि थकव्याचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. पोलादाच्या भागावरचा ताण दहा टक्क्यांनी उतरला, तर त्याचे आयुष्य दुप्पटही होऊ शकते.

त्या पावसात रात्रभर जे. जे. लेहतो यांनी काळी ५९ नंबरची गाडी अशी चालवली, की ती आठवण ल मान्सच्या प्रेक्षकांनी जपून ठेवली आहे. जोडीला यानिक दाल्मास आणि मासानोरी सेकिया. ही गाडी मुळात कारखान्याची चाचणीची गाडी, अगदी उशिरा शर्यतीत उतरवलेली. पुढे होती दुसरीच मॅक्लारेन, अँडी वॉलेस आणि डेरेक व जस्टिन बेल या बापलेकांची. शेवटचे काही तास उरले आणि तिच्या क्लचने दगा दिला. भीती होती तोच भाग, फक्त एका गाडीत थोडा आधी थकला. ५९ नंबरने २९८ फेऱ्या पुऱ्या केल्या, ४०५५ किलोमीटरहून जास्त. इंदूर ते मुंबई हे अंतर एका दिवसात जवळजवळ सात वेळा! सरासरी वेग मात्र ताशी १६९. ताशी साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकणाऱ्या गाडीच्या घराण्यातला हा विजय. दुसरी आलेली प्रोटोटाइप एक फेरी मागे होती. मॅक्लारेनच्या गाड्या पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या आल्या. सेकिया हे ल मान्स जिंकणारे पहिले जपानी चालक ठरले.

पुढची दोन वर्षे सुधारणांची. १९९७च्या गाडीची शेपूट लांबवली, ती हवेने गाडीला जास्त दाबून धरावे म्हणून. इंजिन सहा लिटरच्या आत आणले. आणि जुना गिअरबॉक्स काढून सिक्वेन्शियल बसवला, ज्यात गिअर एकामागोमाग एकच पडतो, चुकीच्या खाचेत जाऊच शकत नाही. दमलेल्या चालकाच्या पहाटेच्या हाताचा विचार त्यात आहे. त्या वर्षी ल मान्सला ती दुसरी आणि तिसरी आली. पहिली आली ती प्रोटोटाइप.

"म्हणजे आम्हाला पाऊस हवा होता," पुतण्या म्हणाला. मी शाफ्ट पुन्हा टॉर्चखाली धरला आणि तडा जिथून सुरू झाला होता ती जागा नखाने दाखवली. शाफ्टची जाडी जिथे बदलते तिथला कोपरा लेथवर काटकोनात कापला होता. वाहत्या पाण्यासारखा ताणही असल्या कोपऱ्याशी गर्दी करतो. तिथे गोलाई दिली असती तर बाकी सगळे तसेच ठेवूनही ताण बराच उतरला असता. त्याने कागदावर नवा कोपरा काढला, तीन मिलिमीटर त्रिज्येचा. दुसऱ्या दिवशी दोघे सांवेर रोडवरच्या लेथवाल्याकडे गेलो. कारागिराने तुटके तोंड हातात घेऊन एकदाच पाहिले, बोट बरोबर त्याच कोपऱ्यावर ठेवले आणि गोल टोकाचे टूल शोधायला खण उघडला.