लैंगिक अल्पसंख्याकांची हक्क चळवळ (ग्रामीण विदर्भ)

समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी आणि आंतरलिंगी (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या) व्यक्तींचे हक्क, आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील गावाखेड्यांत चालणारे काम. तपासणीला सोबत जाणे, कागदपत्रे काढून देणे, पोलिस ठाण्यात बाजूला उभे राहणे, घरच्यांशी बोलणे, असे त्याचे रोजचे रूप असते. नागपुरात २०१६ साली पहिली अभिमान पदयात्रा निघाली. गावात असे उघडपणे चालता येत नाही. तिथे या कामाची पहिली अट गुप्तता आहे. ‘कोनाले सांगू नका, जी’ हे वाक्य इथल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या कानावर कधी ना कधी पडलेले असते.

डेऱ्यात, म्हणजे एकत्र राहण्याच्या घरात, गुरू-चेल्याच्या नात्याने राहणारे तृतीयपंथी चारचौघांना दिसतात. पुरुषाच्या कपड्यात शेती करणारे, आपसांत स्वतःला ‘कोती’ (बायकी वळणाचे, पुरुषांकडे ओढा असलेले) म्हणवणारे दिसत नाहीत. त्यांतल्या अनेकांची लग्ने घरच्यांनी लावून दिलेली असतात. ‘बायल्या’, ‘छक्का’ या शिव्या शाळेपासूनच मागे लागतात. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीसाठी तर रोजच्या बोलीत रुळलेला शब्दही नाही.

गावापर्यंत हे काम पोहोचायला एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी कार्यक्रमाची मोठी मदत झाली. हिंगणघाट, पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ असो की भंडारा, अमरावती, अकोला जोडणारा ५३, ट्रकच्या वर्दळीच्या अशा रस्त्यांना या कार्यक्रमात महत्त्व आहे. याच लैंगिक अल्पसंख्याकांतले कार्यकर्ते निरोध वाटतात आणि माणसांना चाचणीला घेऊन जातात. ग्रामीण रुग्णालयात चाचणी फुकट होते, औषधही फुकट मिळते. अडचण असते ती दारावरच्या पाटीची. ‘समुपदेशन व चाचणी केंद्र’ लिहिलेल्या खोलीसमोरच्या बाकावर बसायचे, आणि केस पेपर काढणारा नेमका आपल्याच गावचा निघायचा. म्हणून जवळचे रुग्णालय सोडून माणूस एसटीने दुसऱ्या तालुक्याला, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जातो. त्या दिवसाची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत ते परवडत नाही, खेप चुकते, गोळ्यांत खंड पडतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना फोडू नये, असे २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ही गोष्ट डॉक्टरांइतकीच नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्यालाही शिकवावी लागते. या कार्यक्रमाने असंख्य जीव वाचवले. मात्र त्याने माणसाकडे बराच काळ फक्त संसर्गाचा धोका म्हणून पाहिले, हेही नोंदवले पाहिजे.

मनाच्या दुखण्याकडे त्यामुळे उशिरा लक्ष गेले. मुलगा लग्नाला नाही म्हणतो, मुलगी मैत्रिणीला सोडत नाही. मग ‘बाहेरचं लागलं’ म्हणून बाबाकडे नेतात, उपाशी ठेवतात, मारतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी अशी मारहाण २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणे कठीण, तेव्हा १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक उपयोगी पडतो. फोन मात्र शेतावर जाऊन करावा लागतो. घरात बोलण्याइतका आडोसा नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले. तरी त्या कलमाचा धाक गावात टिकून आहे, आणि त्यावर लुबाडणारे जगतात. मोबाइलवर ओळख करून एखाद्याला नाल्याकाठी किंवा पडक्या गोदामात बोलवायचे, चित्रफीत काढायची, ‘तुझ्या बापाले दाखवतो’ म्हणून पैसे मागत राहायचे, अशी ही रीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार ही खंडणी आहे, पण तक्रार द्यायची तर नाव सांगावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेत जुन्या ३७७ ची जागा घेणारे कलम नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी स्वतंत्र तरतूदच उरली नाही. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात जास्तीत जास्त २ वर्षे शिक्षा ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान १० वर्षे आहे. हा अन्याय आहे.

दोन मुली घर सोडून गेल्या की घरचे बेपत्ता झाल्याची तक्रार देतात. अशा प्रकरणांत न्यायालयाने मुलीशी एकांतात बोलावे, समुपदेशनाच्या नावाखाली तिला घरी परत ढकलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी बजावले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळू शकतो, याची माहिती या मुलींपर्यंत वेळेत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथींची ओळख मान्य केली, आणि २०१९ च्या कायद्याने ओळखपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवले. पुढे शिधापत्रिका, आधार, बँक खाते, संजय गांधी निराधार योजना असा कागदाला कागद जोडत जावे लागते. पण घरच्यांनी शिधापत्रिकेतून नाव कापलेले असते आणि शाळेच्या दाखल्यावर जुनेच नाव असते. त्यात २०२० च्या नियमांनी अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेला असावा अशी अट घातली. मार खाऊन मागच्या आठवड्यात घर सोडलेल्या पोराने ती कुठल्या जिल्ह्यात पुरी करायची?